मी-२६२: ७२चं किट घ्यावं की ४८चं?

मी-२६२ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं मेसरश्मिट कंपनीचं जर्मन जेट लढाऊ विमान. १८ जुलै १९४२ला जर्मनीतल्या लाइपहाइमच्या धावपट्टीवर चाचणी वैमानिक फ्रिट्झ वेंडेलने ते पहिल्यांदा निव्वळ जेटच्या जोरावर उडवलं. त्या नमुन्याला शेपटीखाली चाक होतं. शेपूट काही उचलली जाईना, म्हणून गड्याने ऐन वेगात ब्रेकला हलकासा टोला दिला, तेव्हा कुठे ती वर आली. पुढे नाकाखाली चाक आलं आणि खऱ्या विमानाचा हा त्रास मिटला. त्याचं प्लास्टिकचं मॉडेल किटमधून जोडणाऱ्यांचा मात्र मिटला नाही.

एअरफिक्स कंपनीचं १:७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं) आणि तामिया कंपनीचं १:४८, निवड बहुधा या दोघांत होते. एअरफिक्सचं पंख पसरून साडेसतरा सेंटिमीटर, म्हणजे वीतही भरत नाही. तामियाचं साधारण सव्वीस. पुस्तकांच्या कपाटात ठेवायचं तर पुस्तकं सरकवावी लागतात. पैसेही तामियाला बरेच जास्त पडतात.

आता मूळ दुखण्याकडे. मुख्य चाकांच्या मागे प्लास्टिक जास्त, पुढे कमी, त्यामुळे नाकात वजन भरलं नाही तर मॉडेल शेपटीवर बसतं. तामियाने यावर झकास तोड काढली आहे: पुढच्या चाकाचा खण चक्क धातूचा ओतीव दिला आहे. तो बसवला की वजनाचं काम झालं. एअरफिक्समध्ये वजन तुमचं तुम्ही शोधायचं. मी मासेमारीच्या गळाचं शिसं ठेचून भरलं, पुरे वाटलं, बॉडी चिकटवली, रंगवली. चाकं लावून टेबलावर ठेवलं आणि नाक हळूच वर गेलं. शेवटी पुढचं चाक तळाच्या फळीला चिकटवून इभ्रत वाचवली. चाकं मिटून स्टँडवर लावणार असाल तर हा प्रश्नच येत नाही.

पत्र्याच्या सांध्यांच्या रेघा एअरफिक्सच्या जरा खोल आहेत, नांगरल्यासारख्या. तामियाच्या बारीक. खऱ्या विमानाचे सांधे पुट्टी भरून गुळगुळीत करत, त्यामुळे रेघ जितकी पुसट तितकी खरी. एअरफिक्सवर जाड प्रायमरचे दोन हात देऊन घासलं की बरंच सुधारतं. तरी जुळणी तामियाचीच सरस, पुट्टीचा डबा जेमतेम उघडावा लागतो.

रंगाच्या बाबतीत मात्र आकार महत्त्वाचा. या विमानांच्या कुशीवर ठिपक्यांची छद्मरंगसंगती असायची. खरा ठिपका ३० सेंटिमीटरचा धरला तर ४८मध्ये तो सहा मिलिमीटरचा होतो, ७२मध्ये जेमतेम चारचा. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन, असेल तर ४८वर हात मोकळा चालतो. नुसत्या ब्रशने करणार असाल तर ४८वरचा प्रत्येक ठिपका कडा दाखवतो. ७२वर स्पंजच्या तुकड्याने टिपत गेलं की दोन फुटांवरून फसवणूक खपून जाते. आणि पावसाळ्यात लॅकर मारू नका, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते.

एअरब्रश आहे, आधी दोन-तीन किटं झाली आहेत, तर तामिया घ्या, पैशाकडे बघू नका. पहिलंच किट असेल, घरात कात्री-पॉलिशपेपरवर भागवायचं असेल, तर एअरफिक्स. बिघडलं तरी जीव फार जळत नाही. फक्त बॉडीचे दोन भाग चिकटवण्याआधी पंख, इंजिनं, शेपूट सगळं मास्किंग टेपने बांधा, मुख्य चाकांच्या जागी खाली पेन्सिल आडवी ठेवा आणि नाक खाली पडेपर्यंत शिसं भरत राहा. पडलं की वर आणखी एक गोळी टाका. रंग आणि डिकलचं (चिकटवायच्या चिन्हांचं) वजन बहुतेक शेपटीच्याच बाजूला जातं.