पोर्सेलीन टाइल कापायला ओला कटर की कोरडा? वापरून झाल्यावरचं मत

आधीच सांगून टाकतो, राहत्या घरात काम काढलं असेल तर सरळ कापांना हाताचा रेल कटर आणि बाकी सगळ्याला पाणी सोडत चालवलेलं मशीन. मशीनने कोरडं कापणं अगदीच नाइलाज असेल तर, आणि तेही घराबाहेर.

आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि किचनला गुजरातच्या मोरबीच्या ६०० बाय १२०० मिमीच्या जीव्हीटी (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड, पोर्सेलीनचाच प्रकार) टाकल्या, ९ मिमी जाडीच्या. हा माल पाणी शोषतच नाही म्हटलं तरी चालेल, ०.५ टक्क्याच्या आत, म्हणजे नुसता घट्ट दगड, त्यामुळे बाथरूमच्या भिंतीच्या साध्या सिरॅमिकवर मस्त चालणारी ब्लेड इथे नुसती घासत बसते, तापते आणि कडेचे टवके उडवते.

रेल कटर मला सगळ्यात आवडला. लाईट लागत नाही, धूळ नाही, आवाज नाही, दुपारी खालच्या काकू झोपल्या असल्या तरी काम चालू. टंगस्टन कार्बाइडच्या छोट्या चाकाने वर एक रेघ मारायची आणि दांडा दाबला की कट्कन दोन तुकडे. पण रेघ एकदाच, एका दमात, कडेपासून कडेपर्यंत. दुसऱ्यांदा चाक फिरवलं की टाइल हमखास वाकडी फुटते. स्पेनच्या रुबीसारख्या कंपन्या १९५१ पासून हेच बनवतायत, आपल्याकडे स्वस्तातले पण भरपूर मिळतात, फक्त घेताना दांडी हलवून बघा, रेलमध्ये डुगडुगत असेल तर दुकानातच ठेवून या. आणि १२०० ची टाइल लांबीत कापायची तर कटरही तेवढ्या लांबीचा लागतो हे मोजून मगच पैसे द्या. याने एल कट होत नाही, नळाचं भोक होत नाही, इंचभराची पट्टी काढायला गेलात तर तुकडे होतात आणि खडबडीत अँटिस्किड टाइलवर चाक उड्या मारतं.

तिथे मग आपला नेहमीचा चार इंची मार्बल कटर. बॉश, मकिता, डाँगचेंग, सगळ्यांचे साधारण याच ताकदीचे असतात, ११० मिमीची ब्लेड, बाराशे-चौदाशे वॅट, त्यामुळे मशीनवर डोकं खपवण्यापेक्षा ब्लेडवर खर्च करा. खाचा असलेली सेगमेंट ब्लेड काँक्रीटला ठीक आहे, पोर्सेलीनला अखंड कडेची पातळ ब्लेड घ्या आणि पाकिटावर पोर्सेलीन लिहिलंय का बघा. हा कटर वरच्या बाजूला टवके काढतो, म्हणून रेघेवर मास्किंग टेप लावून आधी दीड-दोन मिमीचा हलका हात मारायचा आणि मग खोल जायचं. एल कटला आतल्या कोपऱ्यात आधी ६ मिमीचं भोक पाडून घेतलं तर तडा पुढे पळत नाही.

आमचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, कोरडंच मारतो, पाच मिनिटात होतंय." होतं खरं पाच मिनिटात, पण ती पांढरी धूळ कपाटातल्या साड्यांपर्यंत जाते, आणि ते एक वेळ झटकता येईल, त्यात बारीक सिलिका असते ती फुप्फुसातून झटकता येत नाही. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, त्यापायी ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून किचन ओट्याच्या कृत्रिम दगडावर बंदीच घातली, पोर्सेलीन त्या बंदीत नाही, त्यात सिलिका बरीच कमी असते, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग नाही, किमान एन९५ पाहिजे, आणि तो मिस्त्रींनाही तुम्हीच आणून द्या, ते स्वतःहून घेत नाहीत.

पाणी म्हणजे काय, तर झाकणाला भोक पाडलेली बिसलेरीची बाटली आणि ती धरायला एक हेल्पर. जुगाड आहे पण धूळ बसते, ब्लेड थंड राहते, कड बरीच साफ येते. फक्त पाणी ब्लेडवर पडलं पाहिजे, मोटारीवर नाही, आणि ज्या बोर्डावरून लाईट घेताय तिथे ३० मिलिअँपचा आरसीसीबी (शॉक बसायला लागला की लाईट तोडणारा स्विच) नसेल तर हा प्रकार करूच नका. ओलं आणि कोरडं दोन्हीला चालणारी ब्लेड असते, पण फक्त ओल्यासाठीची चुकून कोरडी चालवली तर ती गेलीच. कापायची मंद झाली तर मऊ विटेत दोन-चार वेळा घाला, ब्लेडच्या कडेवरचे हिऱ्याचे कण परत उघडे पडतात.

पाण्याच्या ट्रेवाला टेबल कटर? कड एक नंबर, ४५ डिग्रीचा मायटर (कोपऱ्यात दोन टाइल जुळाव्यात म्हणून तिरकी कापलेली कड) तर त्याच्यावरच बघावा. पण एका फ्लॅटसाठी विकत घेणं म्हणजे निव्वळ हौस. मायटर जास्त असतील तर भाड्याने आणा, आणि ठेवायला बाल्कनी असेल तरच, शिंतोडे सगळीकडे उडतात.

कापून झालं की जो पांढरा रबडा उरतो तो मोरीच्या जाळीत ओतू देऊ नका, पाइपात बसून घट्ट होतो. रात्रभर बादलीत ठेवा, वरचं पाणी सोडा, खालचा गाळ डेब्रिसच्या गोणीत.