गोवा युनिव्हर्सिटी लायब्ररीतला पिसुर्लेकर संग्रह : तेरेखोलच्या शोधात गेले होते, त्याचा अनुभव

आमच्या रेडीपासून तेरेखोलचा किल्ला अगदी जवळ. नदीच्या अलीकडे, म्हणजे आमच्याच महाराष्ट्राच्या बाजूला, तरी तो गोव्यात. शाळेत पोरं दरवर्षी विचारतात की बाई असं कसं, आणि मी दरवर्षी तेच सांगते की सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधला नि १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. यापुढे मला स्वतःलाच काही माहीत नव्हतं आणि ते फार दिवस मनाला लागून राहिलं होतं. शेवटी या मे महिन्यात सुट्टी होती म्हणून ताळगाव पठारावरच्या गोवा युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत दोन दिवस काढले.

तिथे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह वेगळा ठेवलाय. ज्यांना नाव माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, १८९४ चा जन्म, सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे, पोर्तुगीज अमदानीत पणजीचा सरकारी दफ्तरखाना त्यांनीच लावला आणि वर्षानुवर्षं सांभाळला. मराठ्यांचा नि पोर्तुगीजांचा जो काही पत्रव्यवहार, तह, भांडणं झाली त्यावर त्यांच्याइतकं काम दुसऱ्या कोणी केलं असेल असं मला वाटत नाही. १९६९ ला गेले. त्यांनी जन्मभर जमवलेली पुस्तकं आज कुणाही धडपडणाऱ्या माणसाला बसून बघता येतात, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

अडचण एकच, बरंचसं पोर्तुगीजमध्ये. मी म्हापशाच्या माझ्या मावसकाकांना सोबत नेलं, ते ऐंशी पार आहेत, लिसेवात म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात शिकलेले, त्यांना ती भाषा अजून फाडफाड येते. तुमच्या ओळखीत असा कुणी जुना माणूस असेल तर आत्ताच न्या हो, ती पिढी आता थोडीच राहिलीय.

मी मागितलं ते पिसुर्लेकरांनीच संपादित केलेलं ‘आसेन्तुश दु कोन्सेल्यु दु इश्तादु’, म्हणजे व्हाइसरॉयच्या कौन्सिलच्या बैठकांची इतिवृत्तं. १६१८ पासून १७५० पर्यंतची, पाच खंड, १९५३ ते १९५७ मध्ये बस्तोड्याच्या रांजेल छापखान्यात छापलेले. बस्तोडा म्हणजे म्हापशाच्या शेजारचं गाव, काकांचं तर पायाखालचं, ते पहिल्या पानावरचं नाव वाचूनच इतके खूश झाले की दहा मिनिटं पुढे जाईनात! पाचव्या खंडात १७४६ चा काळ येतो. मी नुसती पानं बघत होते, काही कळत नव्हतं, आणि काकांनी एका शब्दावर बोट ठेवलं, म्हणजे कागदाला न टेकवता वर धरलं, आणि म्हणाले, “पळय गो, बोन्सुलो म्हणल्यार तुमचो भोंसलो.” सावंतवाडीचे राजे सावंत-भोसले तिथे ‘बोन्सुलो’ होऊन बसलेत आणि तेरेखोल ‘तिराकोल’. एकदा ही किल्ली हातात आली की मग पेडणे, सत्तरी, ओळखीची सगळी गावं त्या परक्या भाषेतून डोकं वर काढायला लागतात. मला तर भरून आलं.

त्याच १७४६ साली तेव्हाच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं हळर्णचा किल्लाही घेतला आणि त्यावरून त्याला पुढे हळर्णचा मार्किस ही पदवी मिळाली. आपल्या पेडण्यातल्या गावाचं नाव लिस्बनच्या सरदाराला! शाळेत हे सांगितलं तेव्हा वर्गात पिन पडली तरी ऐकू आली असती.

जाणाऱ्यांसाठी कामाचं एक सांगते. कॅटलॉगमध्ये शोधताना मराठी उच्चार डोक्यातून काढा. पिसुर्लेकर हे नाव पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये ‘पिसुर्लेंकार’ असं लागतं, तसंच गावांचं नि घराण्यांचं, त्यामुळे एकच नाव दोन-तीन स्पेलिंगनी टाकून बघा नाहीतर नाही म्हणून परत याल. आधी विचारून जा, ओळखपत्र न्या, मी शाळेचं पत्रही नेलं होतं. पणजीच्या कदंबा स्टँडवरून बस मिळते. पेन्सिल न्या, पेन पिशवीतच राहू दे.

आणि पुस्तक हळू उघडा. हे मी जीव तोडून सांगते कारण काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वाचनालयात (नाव नको) एक जुनं पुस्तक झेरॉक्सला पालथं घालून वरून हातानं दाबलं, माझ्या डोळ्यांदेखत बांधणी कट्कन तुटली, पानं भुईवर पडली. तो आवाज अजून कानात आहे. लोकांना वाटतं जितकं जुनं तितकं नाजूक, पण तसं नसतं, जुना कागद चिंध्यांचा, तो टिकतो, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद आला त्यात आम्ल असतं, तो आपोआप पिवळा पडून कुरकुरीत होतो. आपल्या पोथ्यांची शाई काजळीची, पाण्याला भिते पण कागदाला काही करत नाही. पोर्तुगीज दफ्तरांची शाई लोहाची, ती अक्षराच्या जागी कागदच खाऊन टाकते. त्यात आपली कोकणातली पावसाळी हवा, बुरशी, कसर, वाळवी. गोव्यात १५५६ ला छापखाना आला, फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, मराठी ओव्यांचं, १६१६, १६४९ आणि १६५४ असं तीनदा छापलं गेलं, आणि त्या छापील प्रतींतली एकही आज कुठे असल्याचं माहीत नाही, लोकांनी हातानं नकला करून ठेवल्या म्हणून ते पुराण वाचलं.

माझी लायब्ररीकडे एकच मागणी. या संग्रहातल्या मराठ्यांशी, सावंतवाडीशी संबंधित पुस्तकांची एक यादी मराठीत छापा, दोडामार्ग, वेंगुर्ले, सावंतवाडीच्या शाळांना पाठवा. आमची पोरं येतील, नक्की येतील.

पाचपैकी पाच देतेय. ज्यांना छापील पुस्तकांच्या मागचे मूळ हस्तलिखित कागद बघायचेत त्यांनी पणजीच्या पुराभिलेख खात्यात जायचं, तिथे ‘रेइश विझिन्युश’ म्हणजे शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराचे खंड आहेत. काकांनी दिवाळीच्या सुट्टीत यायचं कबूल केलंय, नवीन चष्म्याचा नंबर आत्ताच काढून आलेत.