सात महिने टोफू: भाकरी सुटली, तोंडीलावणं उरलं

आमच्याकडे लातूर भागात खरिपाचं बोलणं सोयाबीनपासून सुरू होतं आणि भावापाशी येऊन बिनसतं. घरच्या चार एकरांतही तेच. पण आमच्या चुलीवर कधी सोयाबीन शिजल्याचं मला आठवत नाही. ते आडतीला जातं, त्याचं तेल निघतं, पेंड कोंबड्यांना जाते. मध्ये गव्हात मूठभर सोयाबीन टाकून दळण्याचं वेड आलं होतं, तेही चार महिन्यांत ओसरलं. त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत पुण्यातल्या दुकानात ‘सोया पनीर’ म्हणजेच टोफू लिहिलेलं २०० ग्रॅमचं पाकीट ९० रुपयांना घेताना मला थोडी लाजच वाटली. दादांना सांगितलं असतं तर त्यांनी आधी क्विंटलचा हिशोब केला असता.

कारण साखर. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ७.२ आली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि भात, पोळी, भाकरी निम्म्याहून कमी करायला सांगितली. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी म्हणजे साधारण ३५ ग्रॅम कर्बोदकं. मी जेवणाला दोन खायचो, वर भात. आता रात्रीच्या ताटात भाकरी नाही. पहिल्या आठवड्यात कळलं की भूक मारता येते, पण मोकळी वाटी मारता येत नाही. आपलं सगळं जेवणच तोंडी लावायचं असतं. ठेचा, कारळ्याची चटणी, वांग्याचं भरीत, सगळं आहे, पण लावायचं कशाला?

आधी पनीर खाल्लं. चवीला उत्तम, पण रोज खाल्लं तर १०० ग्रॅममागे २०-२५ ग्रॅम स्निग्धांश पोटात जातो, आणि माझं कोलेस्टेरॉलही काही सरळ नव्हतं. मी घेतो त्या टोफूत १०० ग्रॅमला १४ ग्रॅम प्रथिनं, ८ ग्रॅम स्निग्धांश आणि ३ ग्रॅमच्या आत कर्बोदकं आहेत. पण पाकीट उलटून बघाच. टोफूत पाणी किती यावर सगळं अवलंबून असतं. एका पाकिटावर प्रथिनं जेमतेम ८ ग्रॅम होती आणि किंमत तीच. म्हणजे पाण्याचेच पैसे. सोयाचे वडे (चंक्स) त्याहून स्वस्त पडतात, पण त्यांत सुक्या वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा कर्बोदकं असतात. शिवाय मला त्यांचा वास सोसत नाही.

पहिला महिना वाया गेला आणि त्याला कारण माझीच चूक होती. मी टोफूला पनीर समजत होतो. पाकीट फोडायचं, चौकोनी तुकडे करायचे, रश्शात सोडायचे. तुकडे ओलसर राहायचे आणि चव रश्शातच राहायची. हिने एकदा चमच्यावर तुकडा धरून विचारलं, “हे खायचंय की नुसतं मोजायचंय?” आई गावाहून आली होती. तिने एक घास घेतला आणि विचारलं, “ह्याला चव कुठल्या बाजूनं असती?”

गोम पाण्यात आहे. टोफू म्हणजे सोयाबीनचं दूध फाडून, दाबून केलेली वडी. त्यात पाणी गच्च भरलेलं असतं, मग मसाला आत शिरणार कुठून? आता मी तुकडे मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकतो. ऐकायला उलटं वाटतं, पण त्यानं वरचा थर घट्ट होतो आणि तव्यावर पाणी सुटत नाही. वेळ असेल तर पंचात गुंडाळून दोन ताटल्यांमध्ये ठेवतो आणि वर खलबत्ता. अर्ध्या तासात खालच्या ताटलीत अर्धी वाटी पाणी साठतं.

सगळ्यात मोठा फरक पडला तो फ्रीजरनं. पाकीट तसंच रात्रभर गोठवायचं, सकाळी बाहेर काढायचं. आत बर्फाचे कण झाले की टोफूला छिद्रं पडतात, आणि वितळल्यावर तो ओल्या स्पंजासारखा हातानं पिळता येतो. गोठल्यावर तो पिवळट दिसतो. तो खराब झालेला नसतो, मी पहिला मात्र फेकून दिला होता. जपानमध्ये गोठवून वाळवलेल्या टोफूचा एक जुना प्रकारच आहे, कोया पर्वताच्या नावानं ओळखला जाणारा. पिळलेल्या टोफूला दही, आलं-लसूण आणि काळं तिखट चोळून तासभर ठेवायचं आणि लोखंडी तव्यावर तेलात दोन्ही बाजूंनी करपायच्या बेतापर्यंत परतायचं. वरून जवसाची चटणी भुरभुरायची. हा पहिला टोफू, जो आईनं दुसऱ्यांदा मागितला.

कुरकुरीत करायला कॉर्नफ्लॉवर लावू नका, तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. मी तीळ आणि शेंगदाण्याचा कूट लावतो. थोडा सुटतो, पण चालतं.

रोजचा पदार्थ मात्र भुर्जीच. टोफू हातानं कुस्करायचा, सुरीनं नाही. कांदा, हिरवी मिरची, हळद, थोडा टोमॅटो आणि शेवटी चिमूटभर काळं मीठ. त्या मिठाला अंड्यासारखा वास असतो, त्यामुळे श्रावणात आमच्याकडे अंडं बंद असताना महिना निभला. ही भुर्जी मी भाकरीऐवजी कोबीच्या कच्च्या पानात घेऊन खातो. तुटतं, सांडतं, पण हाताला काम मिळतं. मऊ टोफूचं पिठलंही करून बघितलं. तो मिक्सरमधून काढायचा, लसणाची खमंग फोडणी, एक चमचा बेसन. दिसतं हुबेहूब पिठलं. चवीला पिठल्याचा चुलतभाऊ. श्रीखंड मात्र करू नका. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

जूनमध्ये गावच्या पोत्यातलं पाव किलो सोयाबीन घेऊन घरी टोफू करायला बसलो. रात्रभर भिजवलं, सालं चोळून काढली, वाटलं, गाळलं. दूध तापायला लागताच फेस भसाभस वर आला आणि गॅसभर सांडला. मोठं पातेलं घ्या आणि जागचे हलू नका. वीसेक मिनिटं नीट उकळावंच लागतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनं निकामी होतात. मग दोन लिंबांचा रस पाण्यात मिसळून फाडलं आणि दाबलं. सगळी दगदग होऊन ३५० ग्रॅमच्या आसपास टोफू मिळाला, जरासा आंबट. दुकानातल्या टोफूचं दूध बहुधा कॅल्शियम सल्फेटनं फाडतात, त्यामुळे तो आंबट नसतो आणि कॅल्शियमही मिळतं. उरलेला चोथा आईनं थालिपीठात घातला, तो टोफूपेक्षा आधी संपला.

तक्रारीही आहेत. फोडलेलं पाकीट पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, पाणी रोज बदलावं लागतं, तरी चौथ्या दिवशी बुळबुळीत होतं. एका दुकानानं फुगलेलं पाकीट दिलं आणि परत घ्यायला नकार दिला. तेव्हापासून पाकीट दाबून बघूनच घेतो. हिला थायरॉइडची गोळी आहे. सोयामुळे ती नीट शोषली जात नाही म्हणून डॉक्टरांनी दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवायला सांगितलंय, तर हिचा टोफू रात्रीच. टोफूतून बी-१२ मिळत नाही, म्हणून ताक आणि अंडी मी सोडलेली नाहीत. पोटाला मात्र त्रास झाला नाही. सोयाबीनमधली गॅस करणारी साखर बरीचशी निथळलेल्या पाण्याबरोबर जाते म्हणतात, ते मला पटलं.

सात महिन्यांत वजन ८१ वरून ७५.५ झालं, एचबीएवनसी ६.३. हे टोफूनं केलं असं मी म्हणणार नाही. भात सुटला, रोज पाऊण तास चालणं झालं आणि गोळी होतीच. ती गोळी आहार बदलल्यावर डॉक्टरांनी एकदा कमी केली. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर विचारल्याशिवाय ताटातली भाकरी एकदम काढू नका, साखर फार खाली येऊ शकते.

मागच्या आठवड्यात दादांचा फोन आला. सोयाबीन अजून शेतात उभं आहे, शेंगा भरल्यात. भावाचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “तुझ्या त्या पांढऱ्या वडीला आपलं सोयाबीन चालतं का, का दुसऱ्या जातीचं लागतं?” मी म्हटलं, आपलंच चालतं. राशीतून पाच किलो निवडून ठेवतो म्हणाले. आता त्याआधी गाळायला नवीन कापड आणायला हवं. जूनमध्ये मी हिची ओढणी वापरली होती, आणि ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.