पांढऱ्या उंदरांचं बायबॅक : पैसे भरण्याआधी हे वाचा

घरच्या घरी पांढरे उंदीर पाळा, पिल्लं आम्हीच परत घेऊ, असं तुम्हाला कुणी सांगत असेल तर एक रुपयाही देऊ नका. डिसेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ या पाच महिन्यांत पुण्यात धायरीतल्या माझ्या गच्चीवर माझे ५१ हजार गेले. त्याहून वाईट म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास ठेवून माझ्या वहिनीने २५ हजार घातले, तेही गेले.

माझ्या भाच्याकडे बॉल पायथन आहे. परदेशी जातीचा अजगर, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेला. (आपल्याकडचे साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तो विषय वेगळा.) त्याच्यासाठी उंदीर मिळवताना भाच्याची किती धावपळ व्हायची हे मी पाहिलं होतं. त्यामुळे इन्स्टाग्रामवर उंदीर पाळायची ती जाहिरात दिसली तेव्हा मला ती खोटी वाटलीच नाही. उंदरांना गिऱ्हाईक आहे हे मला डोळ्यांनी दिसत होतं.

जवळच नऱ्ह्याला जाहिरात देणाऱ्या माणसाचं गोदाम होतं. माणूस बोलायला गोड, प्रत्येक वाक्यात ताई. माल साप पाळणाऱ्यांना आणि प्रयोगशाळांना जातो म्हणाला. एक सेट म्हणजे एक नर, चार माद्या, ३,२०० रुपये. दहा सेटचे ३२ हजार, रॅक-क्रेट आणि निपलच्या पाण्याच्या बाटल्यांचे १४ हजार, प्रशिक्षणाचे ५ हजार. चाळीस माद्या, प्रत्येकीला आठ पिल्लं, दर महिन्याला एक वेत, ६० रुपयांना एक पिल्लू. ‘महिन्याला १९ हजार कुठे गेले नाहीत, ताई.’ पाचशेच्या स्टँप पेपरवर करारनामा झाला. भिंतीवर राजमुद्रा असलेलं, लघुउद्योगांसाठीच्या उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं होतं. ते पाहून माझी उरलीसुरली शंका मिटली. उद्यम नोंदणी ऑनलाइन, फुकट आणि आपणच दिलेल्या माहितीवर होते, तो कसला परवाना नव्हे, हे मला नंतर कळलं.

महिन्याला एक वेत हा हिशेबच खोटा होता. विस्टर या पांढऱ्या जातीच्या उंदराची मादी साधारण २२ दिवस गाभण असते, पुढे किमान तीन आठवडे पिल्लं अंगावर पितात. व्याल्यावर एका दिवसात ती पुन्हा माजावर येते, म्हणून नर सोबत ठेवला तर वेतावर वेत होतं खरं. पण त्यात मादी खंगते आणि पिल्लं बारीक निघतात. नीट सांभाळायचं तर दोन महिन्यांना एक वेत धरावं.

शिवाय त्या चाळीस माद्या चाळीस नव्हत्याच. चौथ्या दिवशी रात्री क्रेटमध्ये किंचाळण्याचे आवाज आले. सकाळी पाहते तर तिघांच्या पाठी फाडलेल्या. भाचा आला, एकेक उंदीर उलटा धरून मोबाइलच्या उजेडात शेपटीखाली बघत गेला. नराचं मूत्रद्वार आणि गुदद्वार यांत अंतर जास्त असतं, मादीचं कमी, आणि वाढलेल्या नराचे वृषण तर लांबूनच दिसतात. माद्या म्हणून दिलेल्यांत सात कोवळे नर निघाले. उरलेल्यांपैकी पाच-सहा माद्या म्हाताऱ्या. जड अंग, विरळ केस, सडं ओघळलेली. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी वापरून झालेला माल. मी फोन केला, तर म्हणाला, ‘पुढच्या लॉटमध्ये बदलून देतो.’ पुढचा लॉट कधी आलाच नाही.

थोड्या दिवसांनी काहींच्या नाकाभोवती आणि डोळ्यांच्या कडांना लाल डाग दिसायला लागले. मला रक्तच वाटलं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे रक्त नव्हे, उंदीर आजारी किंवा ताणात असला की डोळ्यांतून लाल रंगाचा स्राव येतो. ‘कानाशी धरून ऐका.’ मी धरला. इवल्याशा छातीत खरखर, जुन्या दमेकऱ्यासारखी. श्वसनाचा संसर्ग गोदामातूनच आला होता. कोंदट जागेत मुतातल्या अमोनियामुळे तो बळावतो. तेव्हापासून मी दिवसाआड तूस बदलत होते.

फेब्रुवारीच्या मध्यावर पहिला माल गेला, ६० पिल्लं. त्याने वजन केलं नाही, काही नाही, जागेवर ३,६०० रुपये हातात दिले. मी घरी येऊन देवापुढे ठेवले. मार्चच्या सुरुवातीला वहिनीला मीच त्याच्याकडे घेऊन गेले. तिने पाच सेट घेतले. तिला आणलं म्हणून त्याने मला २ हजार दिले आणि मी ते घेतले. हे लिहिताना हात जड होतोय, पण लिहायला हवं, कारण त्याचा सगळा धंदा यावरच चालतो. नवीन माणूस तो शोधत नाही, आपण त्याला आपलीच माणसं आणून देतो.

मार्चअखेर मी १८० पिल्लं घेऊन गेले. या वेळी त्याने काटा काढला आणि करारनाम्यातल्या सहाव्या कलमावर बोट ठेवलं : ‘२१ दिवसांत किमान ७० ग्रॅम वजनाचा, निरोगी व एकसारखा माल.’ माझी पिल्लं ४० ते ४५ ग्रॅमची भरली. सगळी नापास. मी हिरमुसून परत आले, वाटलं आपणच खायला कमी पडलो. डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, तीन आठवड्यांच्या विस्टर पिल्लाचं वजन एवढंच असतं, ७० ग्रॅम कुणाचीही भरणार नाहीत. कलम लिहितानाच त्याने नापास करायची सोय करून ठेवली होती.

मग माल घरात साठत गेला. वाढता उंदीर खातो किती याचा अंदाज नसतो आपल्याला. मोठा उंदीर दिवसाला १५ ते २० ग्रॅम खातो. अडीचशे जनावरं म्हणजे दिवसाला चार किलोच्या आसपास. पाच आठवड्यांची झाली की पिल्लंच व्यायच्या वयात येतात, म्हणून नर-मादी वेगळे करत बसायचं. एप्रिलमध्ये ऊन तापलं. गच्चीवर पत्र्याची शेड, वर ओली गोणपाटं टाकली होती, पंखा होता. एका दुपारी वर गेले तर चौदा उंदीर लांब पसरून पडलेले, तोंडातली लाळ छातीभर लागलेली. उंदराला घाम येत नाही. उकाड्यात तो लाळेने अंग ओलं करतो आणि तेही पुरलं नाही की मरतो. त्या दिवशी मी सगळी क्रेट्स उचलून खाली माजघरात आणली. घरच्यांनी वासाचा त्रास सोसला, कुणी एक शब्द बोललं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात फोन न करता गोदामावर गेले. सासवडकडचं एक जोडपं बसलं होतं, पुढे क्रेट्स मांडलेली, तेच ‘ताई, दादा’ चाललेलं. एका क्रेटमध्ये माझी नजर गेली. एका मादीचं शेपटीचं टोक नव्हतं आणि डाव्या कानाला खाच होती. जानेवारीत क्रेटचं झाकण लावताना तिची शेपटी चेंगरली होती. मी आठवडाभर जांभळं औषध लावलं होतं. ६० रुपयांना त्याने नेलेलं माझं पिल्लू तो आता ‘लॅब क्वालिटी ब्रीडर’ म्हणून ३,२०० च्या सेटमध्ये विकत होता.

त्या क्षणी सगळं कळलं. साप नाहीत, प्रयोगशाळा नाहीत, गिऱ्हाईक म्हणजे माझ्यामागून येणारा माणूस. तो येत राहील तोवर थोडा माल उचलायचा, बाकीचा नापास करायचा. २०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्यांत आपल्याकडचे किती शेतकरी असेच बुडाले होते. बातम्या मीही वाचल्या होत्या. मी तिथेच त्या जोडप्याला सांगितलं. त्यांनी क्रेट्सना हात लावला नाही, दिलेल्या अ‍ॅडव्हान्ससाठी भांडत राहिले. पुढच्या आठवड्यात गोदामाला कुलूप होतं आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद. त्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकत होता. आम्ही पाळणारे एकमेकांशी कधी बोललोच नाही, तेही त्याने ठरवून केलेलं.

मी आधी करायला हवा होता तो हिशेब सांगते. मोठा बॉल पायथन दहा-चौदा दिवसांनी एक उंदीर खातो, म्हणजे महिन्याला दोन-तीन. महिन्याला ३२० उंदीर खपवायचे तर शंभरावर साप लागतील, तेही एकट्या माझ्या मालासाठी. भाच्याच्या ओळखीतून मला पुण्यात साप पाळणारे अकरा जण सापडले. घरी एक नर, दोन माद्या ठेवल्या की त्यांचं भागतं. जास्तीची पिल्लं ते फ्रीजरमध्ये ठेवतात. प्रयोगशाळांचं म्हणाल तर १९९८ च्या नियमांनुसार प्रयोगासाठी प्राण्यांची पैदास करणाऱ्याला केंद्राच्या सीसीएसईए या समितीकडे नोंदणी करावी लागते आणि प्रयोगशाळा अशा नोंदणीकृत ठिकाणाहूनच प्राणी घेतात. गच्चीवरचा उंदीर त्यांच्या दारातही उभा राहू शकत नाही.

चौकीत ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणाले. मी लेखी अर्ज देऊन पोच घेतली, त्यात भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लिहिलं. ग्राहक आयोगातही तक्रार केली आहे. धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, असं कुणी सांगेल. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक कायद्यात बसते, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. सारख्याच प्रकारे फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. तुमच्याकडेही ‘७० ग्रॅम’वाला करारनामा असेल तर तो आणि यूपीआयच्या नोंदी जपून ठेवा.

उंदीर टेकडीवर सोडून दे, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पिंजऱ्यात जन्मलेलं पांढरं जनावर तिथे एक रात्र टिकत नाही, आणि टिकलंच तर आजार पसरवतं. नर-मादी वेगळे ठेवले, त्या अकरा जणांना जसे लागतील तसे दिले. शेवटचं क्रेट ऑगस्टमध्ये रिकामं झालं.

वहिनीचे २५ हजार मी महिन्याला दोन हजार असे परत करते आहे. पहिला हप्ता तोच, मला मिळालेल्या कमिशनचा. ती म्हणते, ‘ताई, राहू द्या, तुम्ही काय मुद्दाम केलंत?’ ती घेत नाही, म्हणून दर पाच तारखेला मी भाच्याच्या खात्यावर टाकते.