दहा स्टॉपचा एनडी फिल्टर: फिक्या रंगांच्या लँडस्केपसाठी

लेन्सवर आट्यांनी बसणारा दहा स्टॉप एनडी (न्यूट्रल डेन्सिटी, म्हणजे काळसर काचेचा फिल्टर) प्रकाश हजारपटीने अडवतो; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. १/६० सेकंदाचं एक्स्पोजर १७ सेकंदांवर जातं. लाटांचं धुकं व्हायला तेवढं पुरतं. ढग ओढले जायला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणजे बल्ब मोड (शटर हवा तितका वेळ उघडं ठेवणारा) आणि रिमोट आलाच. फोकस आधी करून मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर अलगद फिरवून बसवा. घट्ट आवळला तर निघता निघत नाही. डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर झाका, मागून प्रकाश शिरतो.

स्वस्त काचेची खरी खोड रंगछटेची: डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश न अडता आत झिरपतो आणि सावल्या तांबूस होतात. कृष्णधवलात हे खपतं, पण राखाडी समुद्रावर निळ्याची एकच पुसट रेघ ठेवायची असेल तर नाही. इन्फ्रारेड अडवणारा (आयआर) लेप असलेलाच घ्या. व्हेरिएबल एनडी (फिरवून गडदपणा कमी-जास्त करायचा) या कामाला नकोच. वाइड लेन्सवर आकाशात काळी फुली उमटते.