ताज्या ओकची चौकट: तुळई कुऱ्हाडीने तासावी की गिरणीतून कापून आणावी?

आपल्याकडे चांगला सुतार साग वाळवून मगच हाती घेतो. इंग्लंड-फ्रान्सात ओकच्या चौकटी, म्हणजे खांब-तुळयांचे सांगाडे, मात्र शतकानुशतकं ओल्या लाकडातच बांधल्या जातात. वाळलेला ओक फार कठीण होतो, आणि जाड तुळई आतपर्यंत वाळायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून सांधे ओलेपणीच कापायचे, लाकडी खुंट्या ठोकायच्या आणि वाळणं जागेवर होऊ द्यायचं. तिकडे राहून बागेत ओसरी उभारायची असेल, तर ओंडका चौकोनी कसा करायचा हे आधी ठरवावं लागतं.

गिरणीचा माल लवकर मिळतो आणि मापात असतो. पण करवत सरळ जाते, लाकडाच्या रेषा सरळ असोत वा नसोत. ओंडका वाकडा असेल तर रेषा मध्येच तुटतात आणि तुळई तिथे कमजोर होते.

कुऱ्हाडीचं काम सावकाश चालतं. ओंडका लाकडी घोड्यांवर (टेकूंवर) पक्का करायचा, दोन्ही टोकांवर ओळंब्याने चौकोन आखायचा, रंगाची दोरी मारायची, थोड्या थोड्या अंतरावर खाचा पाडायच्या, मधले ढलपे उडवायचे आणि शेवटी रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने तासायचं. यात रेषा बऱ्याच अंशी अखंड राहतात आणि झाडाचा बाक कामी येतो. पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये 2019च्या आगीनंतर छताची चौकट अशाच हाताने तासलेल्या ताज्या ओकची केली.

माझ्या मते तासण्याच्या श्रमांपेक्षा सांध्यांची आखणी महत्त्वाची. तासलेल्या दोन तुळया कधीच सारख्या नसतात. त्या एकमेकींवर ठेवून, ओळंबा सोडून प्रत्येक सांधा वेगळा आखावा लागतो, त्यावर खुणा कोराव्या लागतात. हे शिकायला गुरू हवा. गिरणीच्या मालाला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) पुरतो, पण तोही डोळे झाकून नको: ओला ओक पडून राहिला की पीळ धरतो. दोन चांगल्या बाजू निवडून सगळी मापं त्यांवरूनच घ्यावीत.

पहिलीच चौकट असेल तर खांब आणि तुळया गिरणीच्या घ्याव्यात, आणि कोपऱ्यातले बाकदार तिरके आधार तेवढे वाकड्या फांद्यांतून तासावेत. कीड सहसा सालीलगतच्या फिकट लाकडाला लागते. ते दोन्ही प्रकारांत शक्य तेवढं काढून टाकावं. खिळे-बोल्ट लागलेच तर स्टेनलेस स्टीलचे. साध्या लोखंडाने ओला ओक काळा पडतो आणि लोखंडही गंजतं.