क्रॉस कंट्रीचे पहिले स्पाइक्स: बूट कुठलाही घ्या, डोकं पिनांवर चालवा

ओलं गवत, उकरून निघालेला चिखल, तिरका उतार आणि त्यावरून आपल्या आधी धावून गेलेली शे-दोनशे माणसं. हिवाळी क्रॉस कंट्रीची, म्हणजे गवत-मातीच्या मोकळ्या रानातून धावायच्या शर्यतीची, वाट साधारण अशी असते, आणि रस्त्यावर पळायचे बूट तिथे साबणाच्या वडीसारखे वागतात. पाय मागे रेटला की जमीन धरायच्या ऐवजी तो मागेच सरकतो. चढावर दोन पावलं टाकावीत तेव्हा दीड पावलाचं अंतर कापलं जातं, वळणावर वेग आपोआप गळतो आणि त्या सगळ्याची भरपाई मांड्या करत बसतात.

इथे परीक्षण आहे ते क्रॉस कंट्रीसाठीच बनवलेल्या, पिना बदलता येणाऱ्या, सुरुवातीच्या श्रेणीतल्या स्पाइक्सचं, म्हणजे तळाला टोकदार पिना असलेल्या बुटांचं. नायकीचा झूम रायव्हल एक्ससी किंवा सॉकनीचा किलकेनी ही या जातीतली ओळखीची नावं. दोघांपैकी सरस कोण, यावर पुष्कळ वाद घालता येतो, पण नवख्यासाठी तो वाद बिनकामाचा आहे. जो पायाला नीट बसेल तो घ्यावा. खरा फरक पडतो त्यात कोणत्या पिना बसवल्या आणि त्या कशा सांभाळल्या याने.

ट्रॅकचे स्पाइक्स आधीच घरात असतील तर तेच चालतील का? चालवून घेता येतात, पण हाल होतात. ट्रॅकच्या बुटात टाचेखाली जवळजवळ काहीच नसतं आणि चवड्याखालची पट्टी ताठ असते. क्रॉस कंट्रीच्या बुटात टाचेखाली थोडा फोम असतो, पट्टी जास्त वाकते आणि तळावर टाचेपर्यंत खडबडीत रबर असतं. हे टाचेचं रबर फालतू समजू नये. पिना फक्त चवड्याखाली असतात, आणि उतारावर तर टाच आधी टेकते. तिथे टाच गुळगुळीत असेल तर पुढच्या पिना कितीही लांब असल्या तरी बसकण ठरलेली. वरचं कापडही घट्ट विणीचं असतं, म्हणजे वाळू आत शिरत नाही आणि पाणी साचून बूट जड होत नाही. एका बुटाचं वजन बहुधा १५० ते २०० ग्रॅमच्या आसपास भरतं.

याच घराण्यातले महागडे, निव्वळ शर्यतीचे बूटही मिळतात, उदाहरणार्थ नायकीचा ड्रॅगनफ्लाय एक्ससी. बूट उत्तमच, पण पहिल्या हंगामात नको. हलकेपणाचे चार-दोन सेकंद मिळवण्याआधी चिखलात उभं राहायला शिकणं जास्त कमाई देतं.

माप घेताना रोजच्या बुटाचा आकडा सांगून मोकळं होऊ नका. शर्यतीत घालणार तेच पातळ, सुती नसलेले मोजे घालून बूट चढवा. पुढे अर्ध्या अंगठ्याएवढी जागा पुरे, बोटं हलली पाहिजेत, पण टाच तसूभरही उचलली जाता कामा नये. कारण साधं आहे. पाय खोल रुतला की बुटाच्या तळाखाली हवा शिरायला वाट राहत नाही, चिखल बुटाला धरून ठेवतो आणि आपण पाय ओढतो. बूट सैल असेल तर पाय येतो, बूट तिथेच राहतो. उलट टोकही वाईट: फार आखूड बुटात उतारावर अंगठ्याचं नख पुढे आपटून काळं पडतं. पाऊल रुंद असेल तर आकडा वाढवू नका, वेगळं मॉडेल शोधा. लांब आकड्याने रुंदी मिळते, पण टाच सुटते.

आता पिना. सुरुवातीच्या श्रेणीतल्या बुटांना बहुधा प्रत्येकी ५ ते ७ भोकं असतात. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या नियमानुसार एका बुटात ११ पर्यंत पिना चालतात, आणि सिंथेटिक नसलेल्या जमिनीवर पिनेची लांबी जास्तीत जास्त २५ मिलिमीटर, जाडी ४ मिलिमीटर. प्रत्यक्षात १५ च्या पुढे जायची वेळ क्वचित येते. बुटासोबत जो संच मिळतो तो बहुतेक वेळा आखूड असतो, ६ किंवा ९ चा. तेवढ्यावर हंगाम काढायला गेलात तर पहिल्या पावसाळी शर्यतीत बुटाला शिव्या द्याल, आणि त्यात बुटाचा काही दोष नसेल. बुटासोबतच १२ आणि १५ चा एकेक संच घ्या.

पिनेचं काम चिखल धरणं हे नाहीच. वरचा राडा पार करून खालची घट्ट माती गाठणं हे तिचं काम. हे एकदा डोक्यात बसलं की लांबीचं कोष्टक पाठ करावं लागत नाही. जमीन कोरडी आणि कडक असेल तर ६. गवत दाट, माती घट्ट, वर थोडी ओल असेल तर ९. बोटाने दाबल्यावर खड्डा पडत असेल तर १२. पाऊल घोट्यापर्यंत जात असेल तर १५. आखूड पिना राड्यात तरंगतात आणि असून नसल्यासारख्या होतात. पण लांब पिनांची चूक जास्त महागात पडते. कडक जमिनीत त्या पूर्ण आत जात नाहीत, मग सगळं वजन चवड्याखालच्या पाच-सहा टोकांवर येतं. तळवा दुखतो, आणि पाय जमिनीपासून उंच राहिल्याने घोटा मुरगळायला एक खडा पुरतो. गोठलेल्या जमिनीवर तर १५ लावून उतरणं हा शुद्ध वेडेपणा आहे. तिथे ६ लावा, नाहीतर रबरी नख्यांचे बूट घाला.

मिश्र वाट असेल तर पुढच्या टोकाच्या दोन पिना १५ आणि मागच्या १२, ही जोडणी चांगली चालते, कारण चढावर जोर टोकाशीच लागतो. पिनांचा आकार पिरॅमिडसारखा, तळाशी जाड हवा. सुईसारख्या बारीक पिना दगड लागला की वाकतात.

निर्णय घरी बसून करू नये. शर्यतीच्या तासभर आधी वाटेवर एक फेरी मारावी, आणि सुरुवातीच्या मैदानापेक्षा सगळ्यांत खोल खड्डा, सगळ्यांत तीव्र चढ आणि सावलीतला भाग पाहावा. पिना पिळायचा पाना जमिनीत रोवून बघितला तर माती किती खाली घट्ट लागते ते लगेच कळतं. आपल्या आधी दुसऱ्या गटांच्या शर्यती होणार असतील तर अंदाजापेक्षा एक पायरी लांब पिना लावा, कारण सकाळचं गवत दुपारपर्यंत लापशी होतं. दोन्ही बुटांच्या पिना बदलायला निवांत १५ मिनिटं लागतात आणि गारठलेल्या बोटांनी त्याहून जास्त. म्हणून आदल्या रात्री १२ बसवून निघावं आणि गरज पडली तरच बदल करावा.

पिना बसवण्यातही चुका होतात. आधी दोन-तीन आटे हातानेच फिरवा, पाना नंतर. पिन तिरकी शिरली आणि वरून पान्याने जोर दिला की बुटातले आटे जातात, आणि ते दुरुस्त होणं कठीण. पिन टेकली की आणखी किंचित पिळा, बस. हाडवैर काढल्यासारखी आवळू नका. प्रत्येक पिनेच्या आट्यांना पेट्रोलियम जेली किंवा तांब्याचं ग्रीस पुसट लावा. हे न करणाऱ्यांच्या पिना हंगामाच्या शेवटी गंजून जाम होतात. पान्याच्या पकडीत येणारे कंगोरे झिजतात, पाना गरगर फिरतो आणि पिन जागची हलत नाही. मग गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरवायचं आणि सकाळी पक्कड चालवायची, त्यातही नशीब हवं. वॉर्म-अप झाल्यावर सगळ्या पिना एकदा पुन्हा तपासा, एखादी हमखास सैल झालेली असते. जवळ चार सुट्या पिना आणि पाना असू द्या. शेजाऱ्याचा पाना मागायला गेलात तर तोही कुणाकडे तरी मागतच असतो.

हे बूट सगळ्यांनी घ्यावेत का? नाही. वाटेत डांबरी रस्ता, खडी किंवा खडकाचे पट्टे असतील तर पिना तिथे घसरतात आणि झिजतात. काही शर्यतींमध्ये स्पाइक्सला मनाईच असते, तेव्हा सूचना आधी वाचाव्यात. अशा वेळी इनोव्ह-८ च्या मडक्लॉसारखे, तळाला ८ मिलिमीटरच्या रबरी नख्या असलेले डोंगरी बूट बरे. खऱ्या लापशीत ते १५ च्या पिनांची बरोबरी करत नाहीत, पण कुठेच घातही करत नाहीत, आणि सरावालाही तेच वापरता येतात. हंगामात एखादीच शर्यत धावायची असेल तर हेच घ्या. तीन-चार धावायच्या असतील तर स्पाइक्स. बिनपिनांचे, त्याच साच्यातले फ्लॅट बूटही मिळतात. ते कोरड्या मैदानापुरते.

नवे स्पाइक्स थेट शर्यतीत घालू नका. टाच नेहमीपेक्षा खाली राहते, त्याचा ताण पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो. पहिल्या आठवड्यात हलक्या धावण्याच्या शेवटी गवतावर ८० ते १०० मीटरच्या ४ ते ६ धावा, तेवढंच. दुसऱ्या आठवड्यात तेच दोनदा. तिसऱ्यात १ किलोमीटरचे ३ तुकडे, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन. सकाळी उठल्यावर टाचेमागे पहिल्या पावलांना दुखत असेल तर एक पायरी मागे या. बाकीचा सराव नेहमीच्या बुटांतच.

शर्यतीच्या दिवशी वॉर्म-अप रोजच्या बुटात करा आणि स्पाइक्स शेवटच्या १० मिनिटांत चढवा. नाडीला दुहेरी गाठ, टोकं आत खोचलेली, आणि चिखल खोल असेल तर पायाच्या मधल्या भागावरून गाठीसकट इलेक्ट्रिकची चिकटपट्टी दोन वेढे. फार आवळली तर पहिल्या किलोमीटरलाच बोटांना मुंग्या येतात. सुरुवातीच्या गर्दीत समोरच्याच्या टाचेला चिकटून धावू नका, मागे उडणाऱ्या पिना नडगी सोलतात. क्रॉस कंट्रीत संघाचे गुण बहुधा क्रमांकांच्या बेरजेवर असतात, त्यामुळे शेवटच्या उतारावर टाचेने जमीन धरली गेली तर तो एक क्रमांकही संघाच्या कामी येतो.

शर्यतीनंतर चिखल ओला असतानाच थंड पाण्याने धुवा. वाळल्यावर तो आट्यांत सिमेंटसारखा बसतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि तासाभराने बदला. हीटरजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर डिंक सुटतो आणि तळ पुढून उघडायला लागतो. दर शर्यतीनंतर पिना काढून पुसा, आणि हंगाम संपला की भोकं ब्लँकने, म्हणजे भोक बुजवणाऱ्या बिनटोकाच्या स्क्रूने, बंद करून ठेवा. पिना सगळ्या सारख्या झिजत नाहीत, टोकाच्या दोन आधी बोथट होतात. निम्म्याहून कमी राहिल्या की तेवढ्याच बदला, अख्खा संच फेकू नका. एखाद्या भोकाचे आटे गेले तर तिथे ब्लँक बसवून बूट सरावाला चालतो. टोकाच्या दोन भोकांपैकी एक गेलं असेल तर मात्र शर्यतीसाठी दुसरा जोड बघावा.